मुलाची लघवीची धार बारीक का होते?



पाड्यावर गेल्यावर आमच्या सेविका तान्ह्या मुलाच्या आईला एक साधा प्रश्न विचारतात : "याची लघवीची धार कशी पडते?" बहुतेक आया लाजून हसतात. एखादी मात्र म्हणते, "थेंब थेंब होते. मोठा झाला की सुधारेल." हे उत्तर ऐकले की त्या बाळाला डॉक्टरांकडे न्यावे लागते.

निरोगी मुलाची धार जोरदार असते व दूर पडते. ती बारीक होण्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत गंभीर कारण जन्मजात असते. काही मुलांच्या मूत्रमार्गात पातळ पडदा असतो. तो लघवी अडवतो, ती पिशवीत तुंबते आणि दाब किडनीपर्यंत पोहोचतो. बाळाला दुखत नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. किडनी मात्र खराब होत जाते. वारंवार ताप, वजन न वाढणे, ओटीपोट फुगणे या त्याच्या खुणा. सोनोग्राफी व एक्स-रेने निदान होते आणि दुर्बिणीतून पडदा काढता येतो. हे जितके लवकर, तितकी किडनी वाचण्याची आशा अधिक.

दुसरे कारण मुतखडा. पाणी कमी, आहारात दूध-डाळ कमी, अशा मुलांत तो होऊ शकतो. धार मध्येच तुटते आणि मूल कळवळते.

लहान मुलाची पुढची कातडी घट्ट असणे नैसर्गिक आहे. ती जोराने मागे ओढू नये. पण लघवीच्या वेळी तिथे फुगा येऊन धार बारीकच राहिली, तर दाखवावे. कधी लघवीचे तोंड अरुंद असते, कधी बद्धकोष्ठता किंवा पाठीच्या कण्यातील दोष कारणीभूत असतो. लघवी पूर्ण बंद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा कोणाचा शाप नाही, आईची चूकही नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूनेही दोष त्याला किंवा आईबापांना दिला नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत मुलांना तपासते. पुढील उपचारही त्यातून मोफत मिळतात. अडते ते प्रवासाचे भाडे, बुडणारी मजुरी आणि शहरातल्या रुग्णालयात सोबत राहणारे माणूस यांवर. आपल्या देणगीचा आणि वेळेचा उपयोग इथेच होतो. या लेकरांसाठी प्रार्थना करा. शक्य असेल त्यांनी सोबतीलाही यावे.