नेटवर्क नसलेल्या वाटेवरचा नकाशा

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात थेट धरणाच्या पाण्यात गेली. मोबाइलवरील नकाशाने दाखविलेला रस्ता जवळचा होता. त्या रस्त्यावरील पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो, एवढेच त्या नकाशाला ठाऊक नव्हते. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. दिवसा एखाद्या गावकऱ्याने हात दाखवून गाडी थांबविली असती.

हे घडले आपल्याच महाराष्ट्रात. आज दुकानाच्या मंदीचा हंगाम साधून अनेक कुटुंबे स्वतःच्या गाडीने मनालीमार्गे लेहपर्यंत जातात. तेथे कित्येक मैल विचारायला माणूसही नाही आणि फोनला नेटवर्कही नाही. म्हणून हॉटेलचे आरक्षण करण्यापूर्वी नकाशाचा विचार होणे आवश्यक ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत पाठवितात आणि फोन त्यावरून आपले ठिकाण काढतो. इंटरनेट लागते ते त्या ठिकाणाखालचा नकाशा आणण्यासाठी. नकाशा आधीच फोनमध्ये साठविला असेल, तर नेटवर्क नसतानाही निळा ठिपका बिनचूक सरकत राहतो. मात्र नेटवर्कची मदत नसेल, तर फोनला उपग्रह शोधायला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी गाडी उघड्या आकाशाखाली उभी करून धीर धरावा.

लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. निघण्याच्या आदल्या रात्री ही गोष्ट कळली, तर उपाय उरत नाही.

आता ॲपची निवड. गूगल मॅप्समध्ये हवा तो चौकोन निवडून भाग उतरविता येतो. शहरे, हॉटेले, दुकाने शोधण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. पण नेटवर्क गेल्यावर रहदारीची माहिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत, पायी चालण्याचा मार्ग तर नाहीच. शिवाय उतरविलेला नकाशा ठरावीक मुदतीत अद्ययावत केला नाही, तर तो बाद होतो. मागच्या वर्षीच्या सहलीसाठी उतरविलेल्या भागावर विसंबू नये. त्याच्या जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स ठेवावे. ते विनामूल्य व जाहिरातविरहित असून संपूर्ण प्रदेशाचा नकाशा एकदम उतरविते. त्याचा आधार ओपनस्ट्रीटमॅप हा आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत नेलेला हा नकाशा डोंगरातल्या पायवाटा आणि खिंडी पुष्कळदा आश्चर्यकारक बारकाईने दाखवितो. आपल्या बाजारपेठेतील गल्लीतले दुकान मात्र त्यात सापडेलच असे नाही. ओस्मअँड हे याच माहितीवर चालणारे तिसरे ॲप. उंचीच्या रेषा, गेलेल्या वाटेची नोंद, दुसऱ्या प्रवाशाने दिलेली जीपीएक्स फाइल असे सारे त्यात आहे. पण त्याचे पडदे इतके गजबजलेले की शिकायला दोन संध्याकाळी द्याव्या लागतात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीकडे हे काम सोपवावे. साधारण कुटुंबासाठी पहिली दोन पुरेशी आहेत.

दोन नकाशे कशासाठी? दोन वह्यांचा मेळ बसला नाही की चूक कोठेतरी आहे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. चांगथांगच्या मोकळ्या पठारावर एका चाकोरीतून चार चाकोऱ्या फुटतात; तेथे दोन्ही ॲप वेगवेगळी वाट दाखवू लागली, तर पुढे न जाता समोरून येणाऱ्या ट्रकची वाट पाहणे शहाणपणाचे.

काही गोष्टी कोणताच नकाशा सांगत नाही. बर्फ वितळून रस्ता ओलांडणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात, ते दुपारनंतर ऊन चढले की फुगतात. ॲपने दिलेली पोहोचण्याची वेळ हे ओढे धरून नसते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबांनी तर त्या आकड्यावर दोन-तीन तास जास्तच धरावेत आणि डबा हाताशी ठेवावा. इंधनाचेही तसेच. केलाँगजवळच्या तांडी येथील पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक अनेक वर्षे प्रवाशांना सावध करीत आला आहे. ठिपक्याचा रस्ता बरोबर असला, तरी टाकी रिकामी होऊ शकते.

एक गोष्ट कायद्याची. जीपीएस केवळ ऐकते, कोणाला निरोप पाठवीत नाही. आपण हरवलो हे उपग्रहाला कळत नाही. निरोप पाठविणारी उपग्रह-यंत्रे वेगळी असतात, आणि परवान्यावाचून ती भारतात बाळगणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका महिला धावपटूला गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र जवळ असल्यामुळे अडविण्यात आले. परदेशातील भाचे-पुतणे प्रेमाने अशी भेट आणतात. त्यांना आधीच नको म्हणून कळवावे.

थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री तो अंथरुणात जवळ घ्यावा. गाडीतील चार्जर दोन असावेत, आणि नकाशे उतरविलेला दुसरा फोन मागे बसणाऱ्याकडे. मुक्कामांची नावे, गाडीचा क्रमांक आणि "अमुक दिवशी रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर तेथील पोलिसांना कळवावे" एवढे कागदावर लिहून तो कागद घरी काकांच्या किंवा दुकानातील मुनीमजींच्या हाती द्यावा.