बाटली सुटली, आता ताटाकडे बघा



या पानावर एरवी आपण हरभऱ्यावरची घाटेअळी, डाळिंबावरचा तेल्या, ठिबकची देखभाल असल्या विषयांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. पण शेत करणारा माणूसच धड नसेल तर शेत कुठलं धड राहणार? दारू सोडल्यावर गोडाची हाव का सुटते, अंग का वाढतं आणि त्यावर काय करावं, हे आज पाहू.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

जीभ घसरली माझी

माझ्या भागातल्या एका गावात एक शेतकरी आहेत. मी त्यांना तात्या म्हणतो. पंधरा-सोळा वर्षं रोज पिणारा माणूस. गेल्या पाडव्याला त्यांनी दारू सोडली आणि खरंच सोडली. दिवाळीनंतर ज्वारीची शेतीशाळा घेतली तेव्हा तात्या पुढच्या रांगेत बसलेले. गाल वर आलेले, शर्टाची बटणं ताणलेली. मी चेष्टेत बोलून गेलो, ‘‘काय तात्या, बाटली गेली अन् टाकी आली की!’’ सगळी शाळा हसली. तात्याही हसले.

पुढच्या दोन शेतीशाळांना तात्या आले नाहीत. घरी गेलो तर काकूंनी पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘साहेब, माणूस परत त्याच वाटेनं निघालाय बगा.’’ तात्या विहिरीवर होते. मी जवळ बसलो, तसे म्हणाले, ‘‘पीत होतो तवा बेवडा म्हणत होते. आता ढेऱ्या म्हणत्यात. आठ महिन्यांत अकरा किलो वाढलो. गुडघं बोलाय लागले. मग पिलेलं काय वाईट होतं, सांगा की साहेब!’’

मला उत्तर देता आलं नाही. पीक खराब झालं तर पंचनामा करता येतो. आपल्या एका वाक्यानं माणूस पुन्हा गुत्त्यावर गेला तर त्याचा पंचनामा कोण करणार? दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते आणि त्यानंतर मी वाचलं-विचारलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

गोडाची ओढ का लागते?

पहिली गोष्ट, ही ओढ म्हणजे खादाडपणा नव्हे. रक्तातली साखर उतरली की यकृत ती तयार करून भरून काढतं. दारू या कामात अडथळा आणते. त्यात पिणाऱ्याचं जेवण वेळेवर नसतं. वर्षानुवर्षं असं चाललेलं शरीर ताळ्यावर यायला वेळ लागतो. दुसरं कारण डोक्यात आहे. मेंदूतल्या ज्या जागेला दारूनं बरं वाटतं, त्याच जागेला गोडानंही बरं वाटतं. एक पाट बंद झाला की पाणी दुसऱ्या पाटानं धावतं, तसा हा प्रकार.

तिसरं, जिभेला चव परत येते. पोटाची आग थांबते, भूक लागते, झोप सुधारते. हे बरं होण्याचं लक्षण आहे. पिणारा माणूस पुष्कळदा आतून उपाशीच असतो. म्हणून सुरुवातीला वाढलेले दोन-चार किलो ही काही वेळा हरवलेल्या अंगाची भरपाई असते. त्यानं घाबरू नये.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. त्यांच्या १९३९ च्या पुस्तकातसुद्धा अडचणीच्या वेळी गोडाचा उपयोग होतो, असा एका डॉक्टरांचा सल्ला दिलेला आहे. तेव्हा तलफ अगदी अनावर झाली आणि पेढा खाऊन ती टळली, तर खुशाल खा. पेढ्यानं वाढलेलं वजन उतरवता येतं, पुन्हा लागलेली दारू सहजासहजी उतरत नाही. मात्र हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. युरियाचंच बघा. एक हप्ता योग्य वेळी दिला तर पीक उठतं. दर आठवड्याला टाकत राहिलात तर पीक हिरवंगार दिसतं, पण लोळतं आणि कीड ओढवून घेतं.

हिशेब मांडा

आपण एकरी खर्च काढतो तसा खाण्याचा हिशेब काढू. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. एका ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी होतात. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३४० कॅलरी असतात. म्हणजे एक क्वार्टर सव्वा भाकरीच्या बरोबरीची, पण तिच्यात ना प्रथिनं, ना तंतू, ना जीवनसत्त्व.

मग ती बंद झाल्यावर वजन उतरायला हवं ना? तात्यांचा दिवस ऐका. गुत्ता सुटला तसा हॉटेलातला चहा वाढला. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरा. झाली ८० ग्रॅम साखर, म्हणजे ३२० कॅलरी. संध्याकाळी शंभर ग्रॅम फरसाण, त्याच्या पाचशेच्या वर. क्वार्टरचे सव्वाचारशे वाचले आणि आठशेच्या वर आत आले. शिवाय पूर्वी रात्रीचं जेवण निम्म्या वेळा ताटातच राहायचं, आता ते पोटभर होतं. रोज अडीचशे कॅलरी जादा झाल्या तरी महिन्याला साधारण एक किलो वजन चढू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेल्या प्रमाणानुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आणि ‘गूळ चालतो’ असं कुणी म्हणेल तर फसू नका. गुळाच्या कॅलरी जवळपास साखरेइतक्याच असतात.

साडेपाचची वेळ सांभाळा

पाण्याची पाळी चुकली की पीक सुकतं, तशी इथं खाण्याची पाळी चुकली की माणूस घसरतो. तलफेची वेळ बहुधा ठरलेली असते. दिवस कलला, काम आटोपलं, पोट रिकामं, अंग थकलेलं, कुणाशी तरी वाजलेलं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणं सोडणाऱ्याला पाडतात, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. यातली भूक आपल्या हातात आहे.

म्हणून सहाला नव्हे, साडेपाचलाच काहीतरी खाऊन घ्यायचं. मूठभर फुटाणे, उकडलेल्या शेंगा, मोड आलेली मटकी किंवा उकडलेलं अंडं. वर तांब्याभर ताक. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात सातेक ग्रॅम. प्रथिनं पोटात गेली की भूक लवकर उसळत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कांदा-लिंबू घातलेले खारे शेंगदाणे, मसाला पापड, फरसाण हा तुमचा जुना चाखणा असेल, तर पहिले काही महिने तो टाळा. तोंडात चव आली की डोळ्यांपुढं ग्लास येतो. तात्यांनी खारे दाणे सोडून उकडलेल्या शेंगा धरल्या त्या यासाठीच.

ताटात काय, किती

आपल्याकडं मंगळवेढ्याची ज्वारी आहे. बाहेर शोधायला जायची गरज नाही.

• सकाळी रिकाम्या पोटी रानात जाऊ नका. अर्धी-एक भाकरी आणि पिठलं किंवा उसळ खाऊनच निघा.

• दोन्ही जेवणांत डाळ, उसळ किंवा अंडं ठेवा. मेथी, पालक, शेपू असली पालेभाजी भाकरीइतकीच वाढून घ्या.

• दारूमुळे अंगातलं बी-१ जीवनसत्त्व घटतं. कडधान्यं, डाळी, तीळ आणि शेंगदाण्यातून ते मिळतं. फार पिणाऱ्याला त्याच्या गोळ्याही लागतात, त्या डॉक्टर देतील.

• चहा तीन कपांवर आणा. साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, अशी उतरवा. एकदम बंद केलीत तर चौथ्या दिवशी दुप्पट घालाल.

• गोड खावंसं वाटलं तर आधी पेरू, बोरं, पपई. तरी राहवलं नाही तर एक पेढा, बसून, सावकाश.

• बाटलीबंद थंड पेयं घरात आणू नका. बऱ्याच पेयांच्या ३०० मिलिलिटरमध्ये सहा चमच्यांच्या आसपास साखर असते.

• दारूच्या जागी तंबाखू-मावा वाढवू नका. तो दुसरा खड्डा आहे.

उपाशी राहून वजन उतरवू नका

वजन बघून तात्यांनी मध्यंतरी एकवेळ जेवण सुरू केलं होतं. त्याच आठवड्यात पाय दोनदा गुत्त्याकडं वळले. पहिले काही महिने क्रम असा ठेवा : आधी दारू, मग वजन. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं बांधावरून चाला. मोटारसायकल घरी ठेवून डेअरीला पायी जा. महिन्यातून एकदाच वजन करा आणि बेंबीजवळ टेप लावून कंबर मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, ती करून घ्या.

पोट वाढलंय ते चरबीनंच, असंही धरून चालू नका. पोट ढोलासारखं ताणलेलं, पायावर सूज, डोळे पिवळे अशी लक्षणं दिसली तर ते यकृताचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपेची किंवा मनाची गोळी चालू असेल आणि तिच्यामुळे भूक वाढली असं वाटलं, तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बंद करू नका.

आणि जे आज रोज भरपूर पीत आहेत, त्यांनी हा लेख वाचून उद्या एकटं बसून एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं हे जिवावर बेतू शकतं. सरकारी दवाखान्यात दाखवून, त्यांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे.

घरच्यांनी आणि गावानं

आया-बहिणींनो, मालक सुधारला म्हणून आनंदानं रोज शिरा करता, तो सणावारी ठेवा. रोजच्या ताटात गरम भाकरी आणि वेळेवर हाक, एवढं पुष्कळ आहे. गावकऱ्यांनो, सोडलेल्या माणसाच्या पोटावर बोलू नका. मी बोललो, त्याची किंमत दुसऱ्याच्या घरानं मोजली असती.

तात्यांचं वजन आतापर्यंत चारच किलो उतरलंय. फार नाही. पण परवाच्या शेतीशाळेत ते पुन्हा पुढच्या रांगेत होते. चहा आला तसे म्हणाले, ‘‘साहेब, साखर कमी हाय ना?’’ आता शेतीशाळेच्या चहाबरोबर मी फुटाण्याची पिशवीही ठेवतो. तुमच्या गावातल्या बैठकीतही ठेवून बघा.