मळीतून लायसिन

गळीत हंगाम सुरू झाला की कसबा बावड्यापासून शिरोळपर्यंत हवेत रसाचा वास भरतो. साखर काढून उरते ती मळी: टन उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो, आणि तिच्यात अजून निम्म्याच्या जवळपास साखर. आपल्याकडे तिची वाट ठरलेली, डिस्टिलरीची. याच मळीवर जगात अमिनो आम्लांचा मोठा उद्योग उभा राहिला. आपल्या ऊसपट्ट्याने त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, ही खंत मला बरीच वर्षं आहे.

१९०८ मध्ये किकुनाए इकेदांना कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यात ग्लुटामेट हे अमिनो आम्ल सापडलं. पुढे कित्येक वर्षं ते गव्हाच्या प्रथिनातून काढत. १९५० च्या दशकात क्योवा हाक्को कंपनीतल्या किनोशिता आणि उदाका यांनी साखर खाऊन ग्लुटामेट बाहेर टाकणारा जिवाणू शोधला, आजचा कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. मात्र तो ग्लुटामेट सोडतो बायोटिन हे जीवनसत्त्व कमी पडलं तरच, आणि मळीत बायोटिन भरपूर. मळीवर तो नुसताच पोसतो. मग वाढीच्या ऐन भरात थोडं पेनिसिलिन घालायचं. पेशीची भिंत कच्ची राहते आणि ग्लुटामेट बाहेर येतं. मळीवर काम करण्यातली ही खरी मेख.

लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची कथा उसाला पाणी पाजणाऱ्याला लगेच कळेल. पेशीत अ‍ॅस्पार्टेटचा पाट वाहतो. एक सरी लायसिनची, दुसरी होमोसेरिनची, जिच्यातून थ्रिओनिन होतं. लायसिन आणि थ्रिओनिन दोन्ही साठले, की पाटाच्या तोंडाशी बसलेलं विकर काम थांबवतं. एकट्या लायसिनचं ते ऐकत नाही. १९५८ च्या सुमारास होमोसेरिनची सरी बंद पडलेला उत्परिवर्तित जिवाणू मिळाला. थ्रिओनिन तुटपुंजं आणि पाट वाहता राहिला.

पुढची चाळीसेक वर्षं जिवाणूंवर रसायनांचा मारा करून हजारोंतून एक निवडायची पद्धत होती. त्यात उपयोगी बदलांबरोबर निरुपयोगी बदलही साचले आणि जिवाणू मंदावले. २००२ मध्ये क्योवाच्या संशोधकांनी मूळ आणि सुधारित जिवाणूंचे जनुकसंच ताडून पाहिले आणि निवडक तीनच बदल मूळ धडधाकट जिवाणूत घातले. सत्तावीस तासांत लिटरमागे ऐंशी ग्रॅम लायसिन! मला हे काम फार देखणं वाटतं.

मका आणि ज्वारीत लायसिन तोकडं असतं, म्हणून कोंबडीच्या खाद्यात ते घालावं लागतं. रासायनिक कृतीने डावे-उजवे दोन्ही रेणू तयार होतात; जिवाणू फक्त उपयोगी तेवढा घडवतो.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर बंधन घातलं, नंतर थोडं सैलही केलं. इथेनॉलच्या एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या कारखान्यांची धावपळ तेव्हा सगळ्यांनी पाहिली. लायसिनचा पर्याय मात्र सोपा नाही. दारूच्या आंबवणीपेक्षा निर्जंतुकपणा कितीतरी कडक लागतो, हवा सतत फुंकावी लागते, मळीतले क्षार त्रास देतात. उरलेलं पाणी पंचगंगा नदीत सोडता येणार नाही. तिने आधीच खूप सोसलंय. पण त्या पाण्यात नत्र असतं. ब्राझीलमध्ये अजिनोमोतो कंपनी उसाच्या साखरेवर अमिनो आम्लं करते आणि उरलेलं द्रावण खत म्हणून पुन्हा उसाच्याच रानात जातं.