जोड ठरलीय, गुडघ्याचं काय?

पहाटे साडेपाच

चैत्र लागला की दिंडोरी तालुक्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखाना दिंडोरीत, पण या दिवसांत आठवड्यातून एकदा पहाटे तालमीत जाऊन येते. दवाखान्यात पैलवान ‘आता दुखत नाही’ एवढंच सांगतो. कुठं दुखतं ते तालमीत दिसतं.

पत्र्याची शेड, मारुतीचा फोटो, खाली लाल माती. हळद, ताक, तेल आणि लिंबू जिरवून मऊ केलेली ही माती पोरं रोज खोऱ्यानं उकरून वरखाली करतात. दिवसाचा पहिला व्यायाम तोच. मग जोर, बैठका, सपाट्या. मी कडेला उभी राहून एकाच पोराकडं बघत होते. वय एकवीस. बैठक काढताना त्याचं सगळं वजन उजव्या पायावर जात होतं. खाली जाताना डावी टाच किंचित सुटायची आणि वर येताना कंबर उजवीकडं झुकायची. त्याला स्वतःला हे कळत नव्हतं. शरीर दुखऱ्या भागाला असं गुपचूप सांभाळून घेतं.

तीन आठवड्यांपूर्वी सरावात डावा पाय मातीत रोवलेला असताना समोरच्यानं टांग लावली. अंग फिरलं, पाऊल तिथंच राहिलं. आतून ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. आता सूज ओसरलीय. आणि दहा दिवसांवर आलेल्या जत्रेत त्याची जोड ठरलीय, फलकावर फोटोसुद्धा लागलाय.

“मॅडम, पोरगं चांगलं चालतंय की आता,” वस्ताद म्हणाले.

“चालतंय हो वस्ताद. पण कुस्ती सरळ रेषेत चालत नाही.”

एमआरआयची फाइल घेऊन साडेदहाला दवाखान्यात या, असं सांगून निघाले.

साडेआठ

दवाखाना उघडायच्या आधीच बाहेरच्या बाकावर बाया बसलेल्या. द्राक्षं उतरली, खरड छाटणी सुरू झाली. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या दिवसभर मांडवाखाली उभ्या असतात; मान वर, हात वर, हातात कातरी. खांदे आणि मानेच्या शिरा धरतात. एकीला हात कानापर्यंत नेता येत नव्हता. “सुट्टी घ्या” हे वाक्य मी इथं कधीच वापरत नाही, कारण खाडा झाला की रोज बुडतो. दर तासाला दोन मिनिटं हात खाली सोडून खांदे फिरवायचे, उंच ओळी दुसरीकडं द्यायच्या आणि संध्याकाळी शेकायचं, इतकं ठरवून दिलं.

खेळाडूच्या दुखापतीबद्दल बोलताना मला या बाया आठवतात. दुखणं घेऊन कामावर जाणं इथं शौर्य समजलं जात नाही, ती रोजची गोष्ट आहे. म्हणून पैलवानाच्या घरचे ‘एवढ्याशा दुखण्यानं काय होतं’ म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी आयुष्यभर तेच केलेलं असतं.

साडेदहा

पोरगा आणि त्याचे वडील आले. नाशिकला जाऊन काढलेला एमआरआय आणलेला. अहवालात लिहिलेलं मला सकाळी तालमीत त्याच्या बैठकीतच दिसलं होतं, पण हातानं तपासल्याशिवाय मी बोलत नाही. त्याला आडवं केलं, गुडघा थोडासा वाकवला, एका हातानं मांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. उजव्या पायाची नडगी थोडी सरकते आणि मग दोरी ताणल्यासारखी टचकन थांबते. डावीकडं ती थांबलीच नाही, नुसती पुढं येत राहिली. वडिलांचा हात मी तिथं ठेवून दाखवला. दोन्ही पायांतला फरक त्यांना बोटांना लागला. फाइलमधल्या शब्दांपेक्षा ते त्यांना जास्त कळलं.

गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकांना छेदून जातात. त्यातलं पुढचं, ज्याला एसीएल म्हणतात, ते तुटलंय. ते नडगीला पुढं घसरू देत नाही आणि गुडघा वळताना त्याला धरून ठेवतं. फसवणूक इथंच होते. ते तुटल्यावर तीन-चार आठवड्यांत सूज जाते, माणूस चालतो, गाडी चालवतो, हळू पळतोही. पण पाय रोवून अंग वळवलं की गुडघा निसटतो. आणि प्रत्येक निसटण्यात आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. लिगामेंट शस्त्रक्रियेनं नवं करता येतं. फाटलेली गादी काढून टाकावी लागली तर ती परत येत नाही, आणि चाळिशीतच गुडघा म्हातारा होतो.

“नीकॅप घालून खेळला तर?” वडिलांनी विचारलं.

नीकॅपनं ऊब मिळते, धीर येतो, पण नडगी थांबत नाही. लोखंडी पट्ट्यांचा ब्रेस घालून कुस्ती लावता येत नाही, समोरच्याला लागेल.

मग वडिलांनी मनातलं बाहेर काढलं. “मॅडम, कुंबळे जबडा बांधून खेळलाच होता ना? लाराला काढलं त्यानं.”

हो, काढलं. २००२ साली अँटिग्वात. जबडा मोडलेला, डोक्याभोवती पट्टी, सलग चौदा षटकं. मलाही तो दिवस आठवला की भरून येतं. पण त्यात बारकावा आहे. कुंबळे गोलंदाजी खांद्यानं आणि मनगटानं करत होता, जबड्यानं नाही. मोडलेल्या भागावर खेळाचा भार येत नव्हता, आणि त्यानंतर तो शस्त्रक्रियेसाठी भारतात परतला. याचं दुखणं नेमकं तिथं आहे जिथून कुस्तीतला प्रत्येक डाव निघतो. ढाक मारायची, पट काढायचा, खालून उठायचं, सगळं डाव्या गुडघ्यावरून. पैलवानाचे कान मोडतात, बोटं लचकतात, ओठ फुटतो; त्यावर पट्टी बांधून मीच त्यांना फडात पाठवते. मात्र मान दुखून हाताला मुंग्या येत असतील, डोक्याला मार लागून चक्कर येत असेल किंवा सांधा निसटत असेल, तर माझं उत्तर नाहीच असतं. खेळाडू किती सोसू शकतो हे मी बघत नाही. दुखऱ्या जागेवर किती भार येणार आणि ती आणखी बिघडली तर परत मिळणार का, एवढं बघते.

पोरगा तोवर गप्प होता. “विनेशचेही गुडघे गेले होते. ती खेळलीच ना?”

मला हाच प्रश्न हवा होता. २०१६ मध्ये रिओत विनेश फोगाटला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं, आणि २०१८ मध्ये तिनं जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलं. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरा गुडघा गेला. त्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धा तोंडावर होत्या. तिनं नाव मागं घेतलं, मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये बिश्केकला ऑलिंपिकचा कोटा मिळवला. पॅरिसमध्ये तिनं जपानच्या सुसाकीला हरवलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी तिनं सोडलेली स्पर्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि तिच्या पाठीशी दिवसभर राबणारी माणसं होती. आपल्याकडं वेळ जास्त लागेल हे धरूनच चालायचं.

“किती?”

“शस्त्रक्रिया झाली तर निदान नऊ महिने.” नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्ही सगळे वापरतो. नवव्या महिन्यापर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्यामागं जवळपास निम्म्यानं कमी झाला होता. आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली पाहिजे.

वडील उठताना म्हणाले, “विचार करतो.” मी संध्याकाळी पोराला एकट्याला बोलावलं.

दीड

डबा उघडला तोच वस्तादांचा फोन. ते चिडलेले नव्हते, अडचणीत होते. जत्रेच्या हंगामात चार-पाच फड चांगले झाले की पोरांचा बदाम, दूध, तुपाचा खर्च निघतो. नाही तर खुराक घरच्या पैशातून, आणि घरी छाटणीचा खर्च आलेला. हंगामात पैलवानाला थांब म्हणणं म्हणजे द्राक्षं उतरायच्या आठवड्यात शेतकऱ्याला बाग बंद ठेव म्हणण्यासारखं आहे. मला ते ठाऊक आहे, म्हणून ‘आरोग्य महत्त्वाचं’ असलं वाक्य मी त्यांना ऐकवत नाही.

पण हिशेब पुढपर्यंत मांडला पाहिजे. जत्रेतल्या इनामाला प्रमाणपत्र नसतं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी जे ५ टक्के आरक्षण आहे ते अधिकृत स्पर्धांच्या कामगिरीवर मिळतं. याला पोलीस भरतीत उतरायचंय. मैदानी चाचणी ५० गुणांची : १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. तिन्हींना डावा गुडघा लागतो. एका संध्याकाळच्या इनामासाठी आपण काय पणाला लावतोय ते त्याला सांगा, म्हटलं. वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कमिटीला मी काय तोंड दाखवू?”

हे खरं दुखणं. शब्द वस्तादांनी दिलाय. त्यामुळं निर्णय पोराच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं अन्याय आहे. “तुम्हीच त्याचं नाव मागं घ्या,” मी म्हटलं. “पोरानं घेतलं तर लोक घाबरला म्हणतील. वस्तादानं घेतलं तर कुणी काही म्हणणार नाही.”

तीन

मोहाडीकडं घरी जाऊन बघायचा पेशंट, पक्षाघाताचे आजोबा. आज पहिल्यांदा आधाराशिवाय खाटेवरून उठले, आजीनं चहा केला. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, उघडे मांडव.

गाडी चालवताना खाशाबा जाधव डोक्यात होते. गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ मध्ये लंडनला सहावा आला, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यानं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं पोलीस खात्यात नोकरी लागली, आणि १९५६ च्या मेलबर्नला गुडघ्याच्या दुखापतीनं जाऊ दिलं नाही. त्या काळी त्यांच्या गुडघ्यासाठी आज आहे तशी दुर्बिणीची शस्त्रक्रिया नव्हती. दिंडोरीतल्या पोराला आज तासाभरावर नाशिकला ती मिळते. असं असताना त्यानं दहा दिवसांच्या घाईत गुडघा घालवावा, हे मला सहन होत नाही.

साडेपाच

पोरगा एकटा आला. टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटरनं बारीक. तीन आठवड्यांत एवढा स्नायू उतरतो, हे त्याला पटेना. त्यानं स्वतः पुन्हा मोजलं. मग पायरीवर डाव्या पायावर उभं राहून उजवी टाच हळूच जमिनीला टेकवायला सांगितली. तिसऱ्या वेळी गुडघा आत कलंडला, त्यानं भिंत धरली. एका पायावर उडी मी मारू दिली नाही. तिची गरज उरली नव्हती.

त्यानं भिंत धरली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आपल्या गुडघ्यावर आपला भरवसा नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं, फक्त कुणासमोर कबूल करायचं नव्हतं.

“एकानं सांगितलं, इंजेक्शन मारून घे, दोन तास काही जाणवत नाही.”

“जाणवत नाही तेच वाईट. दुखणं तुला पाय कुठं ठेवायचा नाही ते सांगतं. ते बंद केलंस तर गुडघा निसटेपर्यंत तुला कळणारच नाही.”

थोडा वेळ तो नखानं टेबलाचा सनमायका खरवडत बसला. मग बोलला. “ताई, माझ्या जागी दुसरा लागला आणि त्यानं मारली, तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार?”

ही भीती खरी आहे, आणि माझ्याकडं तिच्यावर औषध नाही. फडात नाव व्हायला वर्षं लागतात आणि विसर पडायला एक हंगाम पुरतो. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. एवढंच म्हटलं की पुढच्या चैत्रात उतरायचं असेल तर या चैत्रात थांबावं लागेल, आणि या चैत्रात उतरलास तर पुढचा कुठलाच चैत्र मी तुला कबूल करू शकत नाही. मी निर्णय देत नाही, गुडघा तुझा आहे. पण हलगी वाजायला लागली, गाव ओरडायला लागलं की तुला विचार करता येणार नाही. ठरवायचं ते इथं, या खुर्चीत बसून ठरव.

त्यानं भरतीचं विचारलं. पुढची जाहिरात कधी निघेल ते माझ्या हातात नाही, पण पाय तयार करणं आपल्या हातात आहे, म्हटलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग फोन काढून वस्तादांना म्हणाला, “वस्ताद, यंदा नाही लावत.” पलीकडून उत्तर लगेच आलं. फोन त्यानं कानापासून खाली घेतला तेव्हा मलाही ऐकू आलं : “दुपारीच नाव काढलंय तुझं. जेवायला ये.”

साडेसात

शेवटचा पेशंट गेल्यावर त्याचा कागद लिहिला. शुक्रवारी नाशिकला हाडांच्या डॉक्टरांकडं. तोवर सपाट्या आणि पळणं बंद, जोर चालू. बैठका भिंतीला पाठ लावून, अर्ध्याच. गुडघा पूर्ण सरळ करायचा व्यायाम दिवसातून चार वेळा, कारण शस्त्रक्रियेआधी गुडघा सरळ होत नसेल तर नंतर फार त्रास होतो. खुराक तोच, तूप थोडं कमी, कारण मेहनत कमी होणार. वडिलांसाठी वेगळी ओळ : छाटणीच्या कामात त्याला शिडीवर चढवू नका, ओझं उचलायला लावू नका.

कागद घेऊन तो दारापर्यंत गेला आणि वळला.

“फड बघायला गेलो तर चालेल?”

“जा. पण लंगोट घरी ठेव. फडात कुणी ना कुणी हात मागेलच, आणि तुला नाही म्हणता येणार नाही.”

तो हसला. शुक्रवारी किती वाजता निघायचं ते विचारून गेला.