परसातील कोंबड्या आणि त्यांची मानाची उतरंड

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यापासून जामखेडच्या कोरडवाहू शिवारापर्यंत सकाळी खुराड्याची फळी सरकली की पाच-दहा कोंबड्या अंगणात उतरतात, हे नित्याचे दृश्य होय. त्यांचा हिशेब बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. अंड्यांचे चार पैसे मीठ-मिरचीला उपयोगी पडतात. अडीनडीला एखादा कोंबडा बाजारात नेता येतो. कोंभाळणे (ता. अकोले) येथील बीजमाता राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री देशी बियाण्यांच्या जतनासाठी मिळाली, त्यांनीही शेतीला परसातील कुक्कुटपालनाची जोड दिली आहे.

या जोडधंद्यास बळ मिळावे म्हणून राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने ५० टक्के अनुदानावर आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नर यांचा गट, किंवा एक दिवस वयाची १०० पिले देण्याची योजना आखली. लस, खाद्य व निवारा यांचे महत्त्व आता बहुतेकांना पटलेले आहे. परंतु हे नवे पक्षी घरच्या जुन्या कोंबड्यांत सोडल्यावर त्यांचे आपसांत कसे जमते, याचाही तितक्याच आस्थेने विचार व्हावयास हवा. नवी तलंग दाण्यापाशी येताच जुनी कोंबडी तिला टोचून पिटाळते. ती दिवसभर कुडाच्या कडेला उभी राहते, रोडावते आणि उशिरा अंड्यावर येते. मग दोष जातीच्या किंवा योजनेच्या माथी मारला जातो. खरे कारण पुष्कळदा कळपाच्या आतील व्यवहारात असते.

उतरंड कशी ठरते

थोरलिफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२१ साली एक गोष्ट शास्त्रीयरीत्या मांडली. कोणतीही कोंबडी कोणालाही टोचत नाही. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी मुकाट्याने बाजूस व्हावे, हे प्रत्येक जोडीत ठरलेले असते. गावच्या पंगतीत मानाचे पान कोणाचे, हे जसे सर्वांना न सांगता ठाऊक असते, तसाच हा प्रकार. एकदा हा क्रम लागला की भांडणे कमी होतात. नुसती मान उंचावली तरी खालची कोंबडी वाट सोडते. म्हणजे ज्या टोचण्याला आपण क्रूरपणा समजतो, त्यातूनच पुढील शांतता निर्माण होते.

हा क्रम लहानपणीच, साधारणतः सहा ते दहा आठवड्यांच्या वयात लागू लागतो. योजनेतील तलंगा नेमक्या याच वयात लाभार्थ्याच्या घरी येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः तोंडावरून व तुऱ्यावरून ओळखतात. लहान कळपात ही ओळख टिकते. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये ती टिकणे शक्य नसते आणि तेथे अशी उतरंडही नीट लागत नाही. त्यामुळे शेडचे नियम परसात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कोंबड्यांची उतरंड वेगळी आणि कोंबड्याची, म्हणजे नरांची, वेगळी असते. जपानी संशोधकांनी २०१५ साली असे दाखवून दिले की, पहाटे प्रथम आरवण्याचा मान वरिष्ठ नराचा असतो. इतर नर त्याच्यामागून क्रमाने आरवतात. नर नुसता मिरवत नाही. दाणा दिसला की तो विशिष्ट आवाज काढून माद्यांना बोलावतो, घार दिसली तर एक इशारा देतो आणि जमिनीवरून मुंगूस-मांजर आले तर निराळाच. या सवयी रानातून आलेल्या आहेत. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. पिवळ्या कातडीचा गुण मात्र सह्याद्रीत आढळणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ सालच्या संशोधनात दिसून आले.

घडी मोडली तर

गुल व ॲली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ साली स्थिर कळप आणि सतत पक्षी बदलले जाणारे कळप यांची तुलना केली. स्थिर कळपातील कोंबड्यांनी अधिक खाल्ले, वजन राखले आणि अंडीही अधिक दिली. अंड्यांचा धंदा करणाऱ्या घरासाठी ही बाब किरकोळ नव्हे.

म्हणून नवे पक्षी आल्यावर प्रथम दोन-तीन आठवडे ते पूर्णपणे अलग ठेवावेत, कारण राणीखेतसारखा रोग बाहेरून येण्याची भीती असते. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी किंवा बांबूची तट्टी ठेवून दोन्ही गटांना एकमेकांस पाहू द्यावे. एकटा पक्षी कधीही सोडू नये. दोन-चार एकत्र सोडावेत, शक्यतो सायंकाळी, खुराड्यात चढण्याच्या वेळी. सर्वांत उपयोगी व बिनखर्चाचा उपाय म्हणजे दाणा-पाणी तीन-चार ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवणे. वरिष्ठ कोंबडी एका वेळी एकच भांडे अडवू शकते! रक्त निघालेला पक्षी मात्र तात्काळ बाजूस काढावा, कारण लाल रंगावर इतर पक्षी तुटून पडतात. अकोल्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात पक्षी दिवसचे दिवस कोंडून राहतात. तेथे खुराड्यात दाटी होणार नाही याची विशेष काळजी घ्यावी लागते.

खुडूक कोंबडीचेही असेच. ती २१ दिवस अंड्यांवर बसते. डालगे अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता कळप दिसेल असे ठेवले, तर तिची ओळख पुसली जात नाही. काही आठवड्यांच्या ताटातुटीनंतर कोंबड्या सोबतिणीला परकी समजू लागतात. पाथर्डी-शेवगाव भागातील एखादे कुटुंब ऊसतोडीला जाताना कोंबड्या शेजारी ठेवून गेले, तर हंगाम संपल्यावर त्या घरी परततात तेव्हा सारी मांडणी पुन्हा पहिल्यापासून होते. त्या काळात अंडी घटली तर लगेच कोंबडी विकण्याची घाई करू नये.

शिक्षकांना हा विषय शाळेतच शिकविता येईल. दहा कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या सैल बांधाव्यात आणि कोण कोणाला टोचते, याच्या खुणा मुलांना वहीत करू द्याव्यात. दहा पक्ष्यांच्या ४५ जोड्या होतात. त्या सर्व भरण्यास काही दिवस लागतील. तक्ता बहुधा सरळ शिडीसारखा होईल. मात्र एखाद्या कळपात तांबडी पिवळीला टोचते, पिवळी हिरवीला आणि हिरवी उलट तांबडीला, असाही त्रिकोण सापडेल. तो शेल्डेरुप-एब्बे यांनाही सापडला होता.