ठळक बातम्या सांगणारा माणूस

दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांचं ७ जून २०२२ रोजी मुंबईत निधन झालं. त्या दिवशी ज्यांनी ही बातमी ऐकली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी भिडे यांना कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं. तरीही घरातलं कुणी गेल्यासारखं वाटणारी माणसं मुंबई-पुण्यात होती, तशी खानदेशातल्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या पट्ट्यातही होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून चार दशकांहून अधिक काळ हा माणूस संध्याकाळी पडद्यावर यायचा, राज्यात आणि देशात काय घडलं ते सांगायचा आणि नमस्कार करून निघून जायचा. त्याचं स्वतःचं मत काय, हे कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मराठी दूरचित्रवाणीवर इतकी वर्षं टिकलेले निवेदक हाताच्या बोटांवर मोजता येतील. भिडे का टिकले, हे नीट पाहण्यासारखं आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं ते देशातलं दुसरं केंद्र. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र मुंबई आणि आसपास दिसायचं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. खानदेशच्या वाट्याला मात्र तेव्हा रेडिओच होता.

चोपड्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी टीव्ही रुळायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. १९८२ साली दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपक उभे करण्याचा धडाकाच सरकारने लावला. या शंभर वॉटच्या प्रक्षेपकांची मजल वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नसे. चोपडा जळगावपासून त्याच्या दुप्पट अंतरावर. म्हणून उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर. धाब्याच्या घरावर एक जण चढून पाइप फिरवतोय आणि खालून पोरं ‘उनं, उनं’ (आलं, आलं) म्हणून ओरडताहेत, असा सगळा खटाटोप. एवढं करूनही सुरुवातीला दिसायची ती दिल्ली. मुंबईचं मराठी बातमीपत्र राज्यभर पोहोचायला आणखी काही वर्षं जावी लागली. म्हणजे मुंबईकर प्रेक्षक भिडे यांच्या आवाजाला सरावून गेले होते, तेव्हा खानदेशात त्यांची नुकती ओळख होत होती.

मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरचा अनुभव घेऊन ते आले होते. पाठोपाठ कवी आणि बालसाहित्यकार अनंत भावे आले, रंगभूमीवरच्या भक्ती बर्वे आल्या, चारुशीला पटवर्धन आल्या. यांतल्या अनेकांचं मुख्य काम दुसरंच होतं. कुणी नाटकात, कुणी शिकवण्यात. बातम्या वाचणं हे नोकरीपेक्षा नेमणुकीसारखं असे. ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी जायचं आणि त्या बातमीपत्राचं मानधन घ्यायचं. भिडे यांनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं शिक्षण घेतलं होतं. त्यांनी औषध कंपन्यांतही नोकरी केली आणि पुढे स्वतःचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ काढला. पाच हजारांहून अधिक जाहिराती आणि माहितीपटांना त्यांनी आवाज दिला आणि दोन हजारांच्या घरात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं, असे आकडे त्यांच्या निधनानंतर वर्तमानपत्रांत छापून आले. चरितार्थाची सोय अशी बाहेर झालेली असल्यामुळेच बहुधा त्यांना पडद्यावरच्या जागेसाठी धडपडावं लागलं नाही. ही बाब त्यांच्या निवेदनातही उतरलेली दिसते. घाई नाही, आव नाही.

वाचणं सोपं वाटतं, पण ते सोपं नसतं. सुरुवातीच्या काळात डोळ्यांसमोर अक्षरं सरकवणारा टेलिप्रॉम्प्टर नव्हता. हाताने लिहिलेले कागद टेबलावर असत. निवेदकाने वाक्याचा अर्धा भाग नजरेत धरायचा, मान वर करायची, कॅमेऱ्याकडे पाहून तो बोलायचा आणि तोवर पुढचा भाग कुठे आहे हे बोटाने धरून ठेवायचं. कागद ऐन वेळी बदलत. प्रक्षेपण थेट असल्यामुळे चुकलेलं वाक्य पुसता येत नसे. मोठं वाक्य आलं तर श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागे, नाहीतर मंत्र्याचं नाव एका श्वासात आणि खातं दुसऱ्या श्वासात, अशी गत व्हायची.

त्याहून अवघड होती ती नावं. वृत्तसंस्थांच्या तारा इंग्रजीत येत. वृत्तविभागात त्यांचं झटपट मराठी व्हायचं आणि ते निवेदकाच्या हातात पडायचं. इंग्रजीत ‘ळ’ नाही, ‘ड’ आणि ‘द’ एकाच अक्षराने लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. आता खानदेशातली गावं बघा. जळगाव, अमळनेर, पारोळा, अडावद, शहादा, एरंडोल. तारेतून आलेलं अमळनेर सहज ‘अमलनेर’ होऊ शकतं, अडावदचं ‘अदावद’. मुंबईत बसलेल्या माणसाला या गावाचं नाव गावकरी कसं उच्चारतात हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ते विचारून घ्यावं लागतं. ज्या प्रेक्षकाच्या गावात वर्षातून एखादी बातमी होते, पूर येतो, अपघात होतो, केळीचे मळे वादळात आडवे होतात, त्याला त्या एका दिवशी गावाचं नाव बरोबर ऐकायचं असतं. नाव चुकलं की त्याच्या लेखी अख्खी बातमी परक्याची होते. भिडे यांच्या पिढीच्या निवेदकांना उच्चारांबद्दल जो मान मिळाला, त्याचं मोल तालुक्याच्या गावांना जास्त कळलं असणार.

चोपडा परिसरात घराघरांत अहिराणी, गुजरी, पावरी बोलतात, प्रमाण मराठी शाळेत भेटते. शाळा सोडलेल्या माणसाला ती रोज ऐकवणारे दोनच जण, रेडिओ आणि टीव्ही. त्या दोघांची भाषा शुद्ध होती, तितकीच समजणारीही होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘नैऋत्य मान्सून’, ‘अविश्वास ठराव’, ‘महागाई निर्देशांक’ असे शब्द कितीतरी शेतकऱ्यांच्या तोंडी बातम्यांमधूनच रुळले.

खानदेशचं या बातम्यांशी आणखी एक, अगदी रक्ताचं नातं आहे. चोपड्याहून पश्चिमेला, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, शिरपूर लागतं. तिथले शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्य चळवळीतले कार्यकर्ते, राज्यात मंत्री झालेले, २०१३ मध्ये पद्मभूषण मिळालेले. त्यांची लेक स्मिता. १७ ऑक्टोबर १९५५ चा तिचा जन्म पुण्याचा. मुंबई दूरदर्शन नवं होतं तेव्हा विशीही न ओलांडलेली ही मुलगी तिथे मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. श्याम बेनेगल यांचं तिच्याकडे लक्ष गेलं ते याच दिवसांत, आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ आले. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री आणि १३ डिसेंबर १९८६ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मृत्यू. तिची वृत्तनिवेदनाची कारकीर्द जेमतेम काही वर्षांची, भिडे यांची चार दशकांची. पण एकाच खुर्चीने दोन तऱ्हेची माणसं घडवली. जिच्या चेहऱ्यात बातमीच्या पलीकडचं काही होतं ती पडद्यावरून सिनेमात गेली. ज्याला बातमीत राहायचं होतं तो तिथेच राहिला.

या आठवणी गोड आहेत म्हणून एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. दूरदर्शन सरकारचं होतं. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत काय सांगायचं आणि काय गाळायचं हे सरकार ठरवत होतं आणि नंतरही विरोधकांची बाजू अनेकदा तोकडीच दिसायची. निवेदकाच्या हातात मजकूर बदलण्याचा अधिकार नव्हता. लोकांनी त्या आवाजावर विश्वास टाकला, पण आवाजाची सचोटी आणि मजकुराची सचोटी या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. भिडे यांचं श्रेय पहिल्या गोष्टीत आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

१९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, पुढे तिचंच नाव सह्याद्री पडलं. केबल गावोगाव आली आणि चोपड्यातला पाइप फिरवण्याचा व्याप संपला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००७ मध्ये झी चोवीस तास आणि स्टार माझा. बातमीपत्र संध्याकाळची वाट पाहीनासं झालं. निवेदकाचा अँकर झाला. तो प्रश्न विचारू लागला, पाहुण्यांना थांबवू लागला, स्वतःचं मत मांडू लागला. यात फायदा झाला नाही असं म्हणता येणार नाही. मंत्र्याला थेट प्रश्न विचारलेला खानदेशच्या प्रेक्षकाला या वाहिन्यांवर दिसू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रतिनिधी नेमले गेले, कापसाचा भाव आणि तापीचं पाणी हे विषय मुंबईच्या स्टुडिओपर्यंत गेले. पण दिवसभर चालणाऱ्या त्या ओरडीत नाव विचारून घेण्याइतका वेळ कुणापाशी उरला नाही. पट्टीवर गावांची नावं चुकलेली दिसतात आणि तासभर तशीच फिरत राहतात. भिडे याच काळात सह्याद्रीवर होते आणि त्यांनी आपला वेग बदलला नाही.

आता प्रश्न आहे तो जपणुकीचा. सुरुवातीच्या वर्षांतली बातमीपत्रं थेट प्रक्षेपित होत आणि चुंबकीय टेप महाग असल्यामुळे एकीवरच पुन्हा पुन्हा मुद्रण केलं जाई. त्यामुळे बातम्या वाचणारी स्मिता पाटील आज सहजी पाहायला मिळत नाही, आणि भिडे यांचा विशी-तिशीतला आवाज ऐकायचा तर जाहिराती आणि माहितीपट शोधावे लागतात. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हिडिओ रेकॉर्डर होता, त्यांनी एखाद्या निवडणूक निकालाच्या रात्रीचं बातमीपत्र घरीच टेपवर घेतलेलं असू शकतं. त्या टेपांना बुरशी धरते, त्यांची मशिनं मिळेनाशी झाली आहेत. जळगावच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवली जाते. तिथल्या विद्यार्थ्यांनी चोपडा, शिरपूर, अमळनेरच्या घरांतून अशा टेपा गोळा करून त्यांचं डिजिटल रूपांतर केलं, तर निवेदनाचा अभ्यास करायला मूळ साहित्य तरी हाती लागेल. हे काम येत्या चार-पाच वर्षांतच व्हायला हवं, कारण टेपा त्याहून फार टिकणार नाहीत.