दातांच्या नलिकांत फिरणारे काचेचे मळसूत्र

माथेरानला जाणाऱ्याची मोटार दस्तुरी नाक्यापाशीच थांबते. पुढे पायी जावे किंवा घोडा करावा. अलीकडे आलेली ई-रिक्षा आणि रुग्णवाहिका एवढेच काय ते अपवाद. शरीराच्या आत पाठवावयाच्या अतिसूक्ष्म यंत्रांपुढेही अशीच अडचण उभी असते. तेथे इंजिन नेता येत नाही, कारण ते मावतच नाही.

रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ साली एका व्याख्यानात ‘शल्यवैद्यच गिळून टाकावा’ ही एका मित्राची कल्पना श्रोत्यांना सांगितली, तेव्हा ती गंमतच वाटली असेल. खरा पेच पुढे पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये उलगडून दाखविला. एवढ्याशा जिवाला पाणी मधासारखे दाट वाटते. जंतूने पोहणे थांबविले, की तो एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे सरकत नाही. तेथे वल्हे मागेपुढे हलवून काहीच साधत नाही. मळसूत्रासारखे फिरत गेले तर वाट निघते, आणि अनेक जंतू शेपटी फिरवून नेमके तेच करतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अंबरीश घोष यांनी पीअर फिशर यांच्यासमवेत २००९ साली काचेचे असे मळसूत्र घडविले. लांबी एक-दोन मायक्रोमीटर, वर कोबाल्टचा लेप. बाहेरून चुंबकीय क्षेत्र फिरविले, की तेही फिरत पुढे सरकते. इंजिन बाहेर, प्रवासी आत!

संस्थेतील तरुण संशोधकांनी २०२२ मध्ये हीच युक्ती दातांकडे वळविली. रूट कॅनाल करूनही दात पुन्हा दुखू लागतो, हा अनुभव किती घरांत असेल! दाताच्या आतील अत्यंत बारीक नलिकांत जंतू दडून राहतात आणि औषध तेथवर पोहोचत नाही. स्वनातीत लहरींचा वा लेसरचा प्रभाव सुमारे ८०० मायक्रोमीटरपर्यंतच जातो. लोहलेपित मळसूत्रे काढलेल्या दातांत २००० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे दोन मिलिमीटर, आत शिरली. तेथे चुंबकीय क्षेत्रात बदल करून त्यांना तापविले, की भोवतालचे जंतू मरतात. काम झाल्यावर ती चुंबकानेच परत ओढून घेता आली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. आत गेलेले बाहेर येईल ना, ही रुग्णाची पहिली शंका असते.

यानंतर उंदरांवर चाचणी झाली आणि पद्धत निर्धोक ठरली. अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात येथे वाचन क्षणभर थांबेल, आणि ते थांबणे योग्यच आहे. मात्र सुरुवातीचे काम माणसांच्या काढून टाकलेल्या दातांवर झाले, हेही विसरू नये. जेथे जिवंत प्राण्यावाचून भागते तेथे ते भागविण्याची वाट अशा कामातूनच रुंद होते.

प्रयोगशाळेत दाताभोवती चुंबकीय क्षेत्र उभारणे सोपे, जिवंत माणसाच्या तोंडात ते अवघड. म्हणूनच तोंडात सहज बसेल आणि दंतवैद्याला खुर्चीजवळ उभे राहूनच ही मळसूत्रे आत सोडता व वळविता येतील, असे उपकरण घडविण्याचे काम या संशोधकांनी हाती घेतले.